मुतखड्याचं म्हणून सांगितलेलं ऑपरेशन

चार वर्षांपूर्वी पुण्यात माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. कॅन्सर होता, म्हणून ग्रंथी पूर्ण काढून टाकली. हे माझ्या बायकोला आणि मुलीला माहीत होतं, बाकी कुणालाच नाही. भिंगारच्या गल्लीत, नागापूरच्या ज्या कारखान्यातून मी निवृत्त झालो तिथल्या मित्रांत, गावाकडे, सगळीकडे मी एकच सांगितलं, मुतखडा काढला. आजाराचं नाव घेण्यापेक्षा तो आजार जिथे झाला ती जागा सांगायची मला लाज वाटत होती. त्यात ऑपरेशननंतर लघवीवर ताबा राहिला नव्हता. सहा महिने मी पँटच्या आत पॅड लावून फिरलो. साठी उलटलेल्या माणसाने हे कुणाला आणि कसं सांगायचं?

घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. दर तीन महिन्यांनी पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरचा माग काढणारी, रक्ततपासणी करायची, आणि सख्खे भाऊ असतील तर त्यांनाही ती करायला सांगायची. पहिली मी पाळली. दुसरीला नुसती मान डोलावली.

मला एकच भाऊ. दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, घोडेगावजवळ आमच्या गावी राहतो. म्हशीची त्याला फार चांगली पारख. बाजाराच्या दिवशी लोक त्याला मुद्दाम सोबत नेत. मी नगरला आयटीआयला होतो तेव्हा हाच दादा रोज एसटीच्या कंडक्टरकडे माझा डबा द्यायचा. ऑपरेशननंतर तो मला बघायला आला तो पिशवीभर कुळीथ घेऊनच. रात्री भिजत घालायचे, सकाळी ते पाणी प्यायचं, पुन्हा खडा होत नाही, असं त्याने माझ्या बायकोला नीट समजावून सांगितलं. तो मुक्कामाला होता तोवर मी रोज सकाळी त्याच्यासमोर ते पाणी प्यायलो.

त्याच मुक्कामात तो सहज बोलून गेला, "मलाबी रातचं तीन-चारदा उठावं लागतंय. धार बी बारीक झालीय. तुझ्यासारखा खडाच आसंल."

मी म्हणालो, "एकदा दाखवून घ्या, दादा."

एवढंच बोललो. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी नजर दुसरीकडे वळवली. तो गेल्यावर ती म्हणाली की त्याला तरी खरं सांगायला हवं होतं. पुढच्या वेळी सांगतो, असं मी म्हणालो. पुढच्या वेळा बऱ्याच आल्या.

पहिलं वर्ष माझा पीएसएचा आकडा, असायला हवा तसा, शून्याच्या जवळच राहिला. मग शून्य पॉइंट एक झाला, तीन महिन्यांनी शून्य पॉइंट दोन, त्यानंतर शून्य पॉइंट पस्तीस. सगळी हयात मी कारखान्यात तपासणी खात्यात काढलेली. सुटे भाग मायक्रोमीटरने मोजायचे, मापाबाहेरचे बाजूला काढायचे. दशांशाच्या पुढचा फरक किती मोठा असतो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी मी स्वतःची समजूत घालत राहिलो, की एवढ्याशा आकड्याने काय होतं. डॉक्टरांनी रेडिएशन घ्यायला सांगितलं. पुन्हा तेच पॅड, तेच घरात कोंडून राहणं डोळ्यांपुढे आलं. विचार करून सांगतो म्हणालो आणि जाणंच बंद केलं. बायकोने विचारलं तर आकडा ठीक आहे म्हणायचो. असे आठ महिने गेले.

मग पुतण्याचा फोन आला. दादाची कंबर इतकी दुखत होती की त्याला उठून बसता येत नव्हतं. त्याला नगरला आणलं. तपासणीत दुखणं प्रोस्टेटचं निघालं, आणि ते हाडांपर्यंत गेलं होतं. डॉक्टरांनी मला आणि दादाला समोर बसवून सगळं समजावलं. मग विचारलं, घरात आणखी कुणाला हा आजार झाला होता का?

दादा लगेच म्हणाला, "न्हाई."

मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. म्हणालो, "मला झाला होता. अडीच वर्षांपूर्वी."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता वर पाहिलं. दादाने पाहिलं नाही. बाहेर आल्यावर तो बाकावर बसला. पुतण्या औषधं आणायला गेला होता. दादाने पायातल्या चपलेकडे बघतच विचारलं,

"मंग माझं कुळथाचं पानी कशापायी पीत हुतास?"

त्याने ओरडायला हवं होतं असं मला वाटत होतं. पण त्याने विचारलं ते दुसरंच. "आता बरा हायस का तू?"

आकडा वाढतोय, हे मी पहिल्यांदा कुणाला सांगितलं असेल तर त्याला, तिथे.

तो बाकाला धरून उठला. "चल आत. तुझं बी दाखवू."

त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिने लपवलेले रिपोर्ट मागून घेतले आणि तारखेप्रमाणे लावले. पुढच्याच महिन्यात रेडिएशन सुरू झालं. साडेसहा आठवडे रोज जायचो. आत जाण्याआधी भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून धरायची असते. माझ्यासारख्याला ते जमता जमेना, दोनदा रांगेतच कपडे ओले झाले. शेजारी बसलेल्या माणसाने त्याचा टॉवेल पुढे केला. त्यालाही तेच होत होतं. माझा आकडा हळूहळू उतरला.

दादाला दर तीन महिन्यांनी इंजेक्शन असतं. कंबर आता कमी दुखते, पण अंगातली ताकद गेली. बाजाराला तो जात नाही. दोन वर्षं आधी कळलं असतं तर कदाचित इतकं पसरलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी तिथेच होतो. दादाने मला त्यावरून एकदाही बोल लावला नाही. वहिनींनी मात्र बोलणं तोडलं. मी गेलो की चहाचा कप ठेवतात आणि आत जातात. एकदा मी मागे जाऊन म्हणालो, वहिनी, माझं चुकलं.

त्या भांडी घासत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "भावजी, त्यो खडा समजून मी दोन वर्सं रोज सांच्याला कुळीथ भिजत घालत हुते."

मी अंगणात येऊन बसलो.

पुतण्या पंचेचाळीसचा आहे. तपासणी करून घे, असं त्याला मी स्वतः, आजाराचं नाव घेऊन, सांगितलं. त्याने केली. रिपोर्ट चांगला आला, हे मला मुलीकडून कळलं. त्याने मला फोन केला नाही. मीही त्याला केला नाही.