राखून ठेवलेला कुंदा

केशरबाईंनी बायडाबाईला पहिल्यांदा नीट पाहिलं ते दुष्काळात, सोसायटीच्या चारा छावणीवर. मेंढरं विकावी लागलेल्या घरातली ही बाई तिथं शेण भरायची, आणि घमेल्यातले दगड वेचून काढून मगच शेण उकिरड्यावर टाकायची. दुसऱ्याच्या खताची जिला एवढी कदर, तिच्या हाती रान द्यावं, असं केशरबाईंना वाटलं.

सिरसाळ्याच्या शिवारात त्यांचं चार एकर पडीक होतं. नवरा वारल्यापासून त्यात कुंदा माजलेला. हे गवत मुळासकट खणल्याशिवाय जात नाही. वीटभट्टीवाले तिथल्या काळ्या मातीसाठी खेटे घालत होते, आणि सोसायटीचे चेअरमन असलेले पुतणे सुंदरराव त्यांच्याच बाजूचे. रान बायडाबाईला बटईनं, पिकाच्या वाट्यावर, दिल्याचं कळताच ते म्हणाले, "काकू, ही बाई उद्या कूळ म्हणून बसंल. रान गेलं समजा."

ते बोलणं केशरबाईंच्या मनात रुतलं. त्या रोज बांधावर येऊन बसू लागल्या.

तीन वर्षांत बायडाबाईनं कुदळीनं तीन एकर स्वच्छ केलं. ओढ्याकडच्या एका एकराला मात्र हात लावला नाही. विचारलं की कंबर दुखते म्हणायची. तीच कंबर घेऊन ती लोकांच्या रानात रोजानं खुरपायला जाते, हे केशरबाईंनी पाहिलं होतं. सुंदररावांचं खरं दिसतंय, असं त्यांना वाटू लागलं.

शेवटी त्यांनी कारण सरळच विचारलं, "कावून ठेवलास गं तेवढा कुंदा?"

बायडाबाई खुरपं पुसत राहिली. "माझ्या सासऱ्यानं दोन रानं साफ केली, काकू. कुंदा सरला की मालकानं रान काढून घेतलं. दोन्ही बारीला. अन् तुमी रोज बांधावर कावून बसताव?"

केशरबाई बांधावरून उठून घरी गेल्या. दोन दिवस त्या रानाकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बायडाबाईला घेऊन परळीला गेल्या आणि दहा वर्षांचा करार करून दिला. माती कुणी उचलायची नाही, एवढीच अट. सुंदररावांनी साक्षीला यायचं टाळलं. बायडाबाईनं तो कागद दोघांकडून वेगवेगळा वाचून घेतला, मगच अंगठा उठवला. ओढ्याकडचा एकर तिनं त्याच उन्हाळ्यात खणून काढला.

बायडाबाई आता साठीला आली आहे. त्या कराराच्या आधारावर ती सोसायटीची सभासद झाली आहे, आणि खत-बियाणं स्वतःच्या नावावर आणते.