शेवंतामावशींनी लावलेला मेनू

मंडळी, आज सकाळी माझ्या वेबसाइटची परीक्षा झाली आणि मी नापास झाले.

बीड बायपासजवळच्या आमच्या नव्या कॉलनीची वेबसाइट मीच करतेय. रंग, फोटो, सगळं झकास. ती उघडून शेजारच्या शेवंतामावशींच्या हातात मोबाइल दिला आणि म्हटलं, "आपल्या गल्लीत पाण्याचा टँकर कधी येणार, ते शोधा."

त्यांनी 'आमच्याविषयी' उघडलं, मग 'उपक्रम'. मग मोबाइल परत दिला. "लई छान केलंस गं. पण मी आपली गच्चीवरून बघते, टँकर दिसतोच."

टँकरचं वेळापत्रक मी 'सुविधा'मध्ये ठेवलं होतं, बागेच्या माहितीखाली.

आधी रागच आला. मग इन्फर्मेशन आर्किटेक्चरच्या, म्हणजे माहिती मांडण्याच्या, कोर्समधला धडा आठवला: वापरणाऱ्यालाच मांडणी करू द्या. मेनूतल्या प्रत्येक पानाचं नाव एकेका चिठ्ठीवर लिहून मावशींपुढं ठेवलं.

त्यांनी दोनच ढीग केले. "ह्या नळाला पाणी आल्यावर बघायच्या. ह्या पाणी नसल्यावर."

टँकर, तक्रार, फोन नंबर, सगळं दुसऱ्या ढिगात. 'आमच्याविषयी'ची चिठ्ठी मात्र त्यांच्या हातातच राहिली.

"ही कुठं ठेवायची, मावशी?"

"हे कुणी बघतं व्हय?"

त्या पानावर माझा फोटो आहे.

तुमची वेबसाइट तुमच्याशिवाय शेवटची कुणी वापरून बघितली?