खिळेसाहेबांचा कान

चाळीस वर्षं लिफ्टच्या मोटारींखाली काढून तो निवृत्त झाला, तेव्हा लेकीने त्याला धातू शोधायचं यंत्र घेऊन दिलं. लांब दांडा, टोकाला ताटाएवढी चकती, कानाला हेडफोन. जुन्या धाटणीचं होतं. पडद्यावर आकडे वगैरे काही नाही, नुसता आवाज. पहिल्या वर्षी त्याला चांदीची दोन जुनी नाणी मिळाली. पुढची तीन वर्षं खिळे, नट आणि वायसर. इमारतीतले लोक त्याला खिळेसाहेब म्हणायला लागले. बायको घरी शिवणकाम करायची. मशीनवरून मान न उचलता ती म्हणायची, "डोंगर पोखरून निदान उंदीर तरी आणा हो."

तो वाद घालत नसे. चांगलं होतं ते लोकांनी आधीच उचललं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

एका रविवारी तळमजल्यावरची नर्स वर आली. तिच्या आईचं चांदीचं जाड कडं गेल्या वर्षी हॉस्पिटलच्या मैदानावर, कर्मचाऱ्यांच्या सामन्यात हरवलं होतं. मैदान ओलं होतं, नंतर त्यावरून रोलरही फिरला होता.

"काका, इतक्या दिवसांनी सापडेल?"

"चांदी कुठे पळून जाते," तो म्हणाला आणि तिला यंत्र समजावून सांगितलं. चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज खेळते आणि खाली जमिनीत चुंबकाचा जोर पोचतो. वाटेत धातू आला की त्याच्या अंगातही चिमूटभर वीज फिरायला लागते, आणि तो उलट उत्तर देतो. दुसरं वेटोळं ते उत्तर पकडतं आणि यंत्र त्याचा आवाज करतं. "लोखंड घोगरं बोलतं, चांदी एकदम बारीक. हातभर खोल गेलं असेल तर मात्र माझा इलाज नाही."

त्याने मैदानावर दोऱ्या बांधून पट्टे पाडले. दोन दिवस चकती जमिनीला जवळजवळ टेकवून सावकाश झुलवत राहिला. एकही पट्टा सोडला नाही. सतरा खिळे निघाले आणि गंजलेलं एक बिजागर. तिसऱ्या दिवशी दुपारी बायको जेवणाचा डबा घेऊन आली, तेव्हा तो दोऱ्या गुंडाळत होता.

"नाहीये इथे," तो म्हणाला.

ती शेजारी बसली आणि गंमत म्हणून हेडफोन कानाला लावला. डबा उघडताना त्याने चकती पायाने बाजूला सरकवली.

"हे काय किणकिणतंय?" ती म्हणाली.

"कुठे?"

"हे काय, आत्ता. पुन्हा सरकवा."

त्याने सरकवली. ती म्हणाली, आलं. त्याने हेडफोन स्वतःच्या कानाला लावून चकती तिथेच चार वेळा फिरवली. सगळं शांत.

"अगं, काही नाही."

"तुम्ही खणा तर."

चार बोटं खाली कडं निघालं. दबून लांबट झालं होतं, पण अखंड होतं. त्याने ते रुमालात गुंडाळलं आणि कधी नव्हे ते डब्यातलं अर्धं जेवण तसंच ठेवलं.

कानाच्या डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडे, जाड आवाजांना, ठीक; उजवीकडे, बारीक आवाजांना, घसरत घसरत तळाला गेलेली. बारीक आवाज हळूहळू गेले होते. मोटारींचा गोंगाट, वय, दोन्ही कारणं असतील. "पाखरं ऐकू येतात?" त्यांनी विचारलं. त्याला सांगता येईना. त्याने तीन वर्षांत तो विचारच केला नव्हता.

हाडाचा मेकॅनिक तो. घरी येऊन यंत्र उघडलं आणि आतला स्क्रू फिरवून सगळे आवाज खाली आणले. चांदी त्याला ऐकू आली. पण आता चांदी आणि डब्यांची झाकणं एकाच सुरात बोलायला लागली. दोन दिवस झाकणं खणून झाल्यावर त्याने स्क्रू होता तसा केला.

"मग आता?" बायकोने विचारलं.

"जुन्या सगळ्या जागा पुन्हा कराव्या लागतील."

"ब्लाउज शुक्रवारी द्यायचेत. शनिवारी येते."

शनिवारी नदीकाठच्या पटांगणात ती हेडफोन लावून पुढे चालली, तो खुरपं घेऊन मागे. ती थांबायची, बोट दाखवायची. तिला चकती नीट झुलवता येत नव्हती; ती फार वर उचलायची, आणि तो दर दहा पावलांनी तिला ते सांगत होता. संध्याकाळपर्यंत तीन नाणी आणि एक चमचा निघाला. चमचा चांदीचा होता.