पालखीचा खांदा आणि ढगळ लेंगा

आमच्या गावात कुणी बारीक झालं तर त्याचं कौतुक करत नाहीत, त्याला रिपोर्ट विचारतात.

मी विनायक. हरिहरेश्वरच्या थोडं अलीकडे समुद्राला लागून आमचं घर आहे आणि घरातच बायकोची, सुनंदाची, खानावळ. पर्यटक येतात, ओसरीवर बसतात, जेवून जातात. रांधते सुनंदा, पाहुण्यांना आग्रह करणं माझ्याकडे. आता आग्रह करणारा माणूस स्वतः न जेवता नुसता उभा राहिला, तर पाहुण्यांना अन्नाचाच संशय यायचा! म्हणून मी प्रत्येक पंगतीला पाहुण्यांसोबत बसायचो. (शनिवार-रविवारी पंगती किती उठायच्या ते विचारू नका.) उरलेले मोदक वाया जाऊ नयेत, ही जबाबदारीही मी आपणहून अंगावर घेतली होती. आमची खानावळ चांगली चालते, हे माझ्या पोटाकडे बघून रस्त्यावरच्या माणसाला कळायचं.

इथवर कुणाची काही तक्रार नव्हती. तक्रार निघाली ती शिमग्यात. आमच्या देवीची पालखी चौघे उचलतात, पुढे दोघे, मागे दोघे. घरोघर फिरून झालं की शेवटच्या फेरीत ती होळीच्या माळावरून नाचवत सहाणेपर्यंत नेतात. सहाण म्हणजे पालखी टेकवायचा चौथरा. त्याच्या आधी ती कुठे टेकवायची नाही. या फेरीत पुढचा उजवा खांदा आमच्या घराचा. आजोबांचा होता, मग बाबांचा, मग माझा. तर त्या वर्षी माळ निम्मासुद्धा झाला नव्हता आणि मला अशी धाप लागली की ढोलापेक्षा माझाच आवाज मोठा! पालखी माझ्या बाजूला कलली, देवीचा मुखवटा तिरका झाला, बायका किंचाळल्या. माझा चुलतभाऊ पद्या शेजारीच नाचत होता. त्याने झटकन खांदा दिला, आणि मी एका दगडावर बसून पाणी मागितलं.

गावकीचे प्रमुख सुदामकाका दुसऱ्या दिवशी घरी आले, चहा घेतला, बशी खाली ठेवली.

"विन्या, पुढल्या साली तू देवीची छत्री धर. खांदा पद्याला देऊ."

मी त्यांच्याकडे एक वर्ष मागून घेतलं. काका माझ्या पोटाशीच बोलल्यासारखे खाली बघत म्हणाले, "देतो. पन पुढल्या साली मध्येच खांदा सोडलास, तर मान कायमचा पद्याच्या घरात जाईल."

समोर भिंतीवर आजोबांचा फोटो होता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. (म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.)

मग मी मोबाईलवरचा एक उपाय धरला. फक्त शहाळ्याचं पाणी प्यायचं, बाकी काही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पंगतीत सोलकढी वाढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि सोलकढी वाटीऐवजी ठाण्याच्या एका साहेबांच्या खिशात वाढली गेली. सुनंदाने साहेबांचा शर्ट धुऊन वाळत घातला, मला खुर्चीत बसवलं आणि पुढ्यात भात आणि बांगड्याचं कालवण ठेवलं.

"उपाशी माणूस पालखी नाचवतो कधी? भात खायचा, पण एकदाच घ्यायचा. पाहुण्यांबरोबर बसायचं नाही. रोज चालायचं. आणि आजपासून आग्रह मी करणार."

झालं, घरात सत्तापालट झाला. सकाळी नाचणीची भाकरी आणि कडधान्याची उसळ, दुपारी एक मूद भात आणि कालवण, रात्री पोट थोडं रिकामं ठेवून उठायचं. मोदक सणाला. पहिले काही दिवस मी पाहुण्यांच्या पानांकडे असा बघायचो की त्यांनाच अवघडल्यासारखं व्हायचं. सुनंदाने मग मला वाढण्याच्या कामावरूनही काढलं आणि नारळ सोलायला परसात बसवलं.

चालण्याची गंमत वेगळीच. आमच्याकडे चालण्यासारखी सपाट जागा म्हणजे किनारा, आणि भरती असली की किनारा नाहीच. म्हणून मी ओहोटी बघून चालायचो. ओहोटी रोज आपली वेळ बदलते. त्यामुळे एका आठवड्यात मी पहाटे चालताना दिसायचो, तर पुढच्या आठवड्यात भर दुपारी, टळटळीत उन्हात, डोक्यावर टॉवेल टाकून! सुरुवातीला खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन परतायचो तेव्हा जीव मेटाकुटीला यायचा. हळूहळू पलीकडचे खडक गाठले. पुढे खांद्याला सवय हवी म्हणून उजव्या खांद्यावर नारळांचं पोतं घेऊन चालायला लागलो. पर्यटक माझ्याकडे नारळाचा भाव विचारायचे.

वजन उतरायला लागलं, अगदी सावकाश, पण उतरलं ते परत चढलं नाही. गावाने मात्र धसका घेतला. बारीक झालेला, भर उन्हात पोतं घेऊन समुद्राच्या कडेने एकटाच फिरणारा माणूस! शेजारची काशीकाकू रोज घावने आणून द्यायला लागली आणि दारातूनच विचारायची, "साखर निघाली काय रे तुझ्यात?" एका पाहुण्या बाईंनी सुनंदाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की यांचं जेवण बाहेरून येतं का? पद्या तेवढा खूश होता. भेटला की मनापासून म्हणायचा, "दादा, आराम कर. पालखीचं मी बघतो."

शिमगा आला तेव्हा मी देवळाच्या पायऱ्या न थांबता चढत होतो आणि काही काम नसताना आरशासमोरून जात होतो. खरं सांगायचं तर मला माझा फार अभिमान वाटत होता. जन्मात पहिल्यांदाच मी काहीतरी धरलं होतं आणि सोडलं नव्हतं. पालखीच्या दिवशी आम्ही पांढरा लेंगा-सदरा घालतो. सुनंदा म्हणाली, लेंगा द्या, कमरेत आवळून शिवते. मी तो पाठीमागे धरला. लेंगा ढगळ दिसला नाही, तर मी किती उतरलो हे गावाला कळणार कसं? सुनंदाने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि फक्त एवढंच म्हणाली, की नाडीला गाठ तरी नीट मारा. मी ऐटीत सुरगाठ मारली.

शेवटची फेरी सुरू झाली. ढोल घुमायला लागले. मागच्या वेळी जिथे बसलो होतो तो दगड गेला आणि माझा श्वास जागेवर! माझी छाती फुलून आली. छाती फुलल्याने असेल किंवा पोट आणखी आत ओढल्याने असेल, पण त्याच क्षणी सुरगाठ सुटली.

दोन्ही हात पालखीच्या दांड्यावर. हात काढला तर पालखी कलणार, पद्याला हाक मारली तर मान गेला, आणि काहीच केलं नाही तर जे जाणार होतं ते समोर आरतीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या समस्त बायकांसमोर जाणार होतं. मी गुडघे दोन बाजूंना फाकवले. लेंगा थांबला. मग तसाच, बेडकासारखा, एकेक पाय फेंगडा टाकत पुढे सरकायला लागलो. मी फेंगडा नाचतो म्हटल्यावर शेजारच्यालाही तसंच नाचावं लागलं, मागच्या दोघांना तर इलाजच नव्हता. ढोलवाल्यांनी ही नवी चाल बघितली आणि ठेका बदलला. सुदामकाकांनी डोळे मिटून हात जोडले.

"विन्याच्या अंगात आलंय," ते कापऱ्या आवाजात म्हणाले.

अंगात आलेलं नव्हतं, अंगावरून जात होतं! पण माणसं पाया पडायला पुढे आली. काशीकाकू वाट अडवून विचारायला लागली, की देवी, माझ्या नातवाला नोकरी कधी लागेल? मी दात आवळून मान जोरजोराने हलवली. तेवढ्यात माझी नजर सुनंदाच्या नजरेला भिडली. तिने एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं, एकदा गुडघ्यांकडे, आणि तिला सगळं समजलं. आरतीचं ताट शेजारणीच्या हातात देऊन ती सरळ सुदामकाकांकडे गेली, त्यांच्या गळ्यातलं गावकीचं लाल उपरणं काढून घेतलं आणि भर माळावर माझ्या कमरेला असं करकचून बांधलं की मला पुन्हा धाप लागायची वेळ आली.

"आता न्या," ती कानाशी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. (हसून, असं ती अजून सांगते. मी मानत नाही.)

पालखी सहाणेवर टेकली. मुखवटा सरळ होता. सुदामकाका रिकाम्या गळ्याने पुढे आले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "खांदा तुझाच." मी चारचौघांत रडलो, उजव्या हाताने डोळे पुसत आणि डाव्या हाताने लेंगा धरून.

अजूनही मी रोज ओहोटी बघून चालतो आणि भात एकदाच घेतो. गावात मात्र त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. सगळं श्रेय देवीला गेलं. यंदाच्या शिमग्याला चौघांच्याही कमरेला लाल उपरणं होतं आणि चौघेही गुडघे फाकवून नाचले. आमच्याकडे जेवायला आलेल्या एका पाहुण्याने ही प्रथा किती जुनी म्हणून विचारलं, तेव्हा सुदामकाका माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाडवडिलांपासून हाय." लेंगा आता सुनंदाने मापात शिवून दिलाय आणि खांदा अजून माझाच आहे. फक्त घट्ट लेंग्यात मला ती चाल काही केल्या जमत नाही. गावाचं म्हणणं, ती खरी नाचावी तर पालखीशेजारी नाचणाऱ्या पद्यानेच.