गुलाबी दगडातला घास

माझे धाकटे दीर कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन साचा पाठवत, आणि भाऊजी घराच्या मागच्या खोलीत मान मोडून लोकांना दात करून देत. चाळीस वर्षं हेच. त्या खोलीत जिकडेतिकडे पांढरी भुकटी, वितळलेल्या मेणाचा वास आणि ट्रेमध्ये ओळीने मांडलेले दात. नवखा माणूस दारातच दचकायचा. स्वतः भाऊजी मात्र दात दाखवण्यातले नव्हेत. त्यांच्या तोंडून शब्द काढायचा तर चिमटा लावावा लागे.

एक हट्ट तेवढा होता. कवळी न्यायला कोणी आलं की त्याला समोर बसवून बिस्किट खायला लावायचं.

"घरी जाऊन खातो की."

"इथे खा."

माणसाने जरा तोंड वाकडं केलं की कवळी काढून पुन्हा कानशीने घासायची. एका म्हाताऱ्याला त्यांनी अख्खा पुडा संपवायला लावला होता. तो बिचारा शेवटी म्हणाला, "अहो, दात बसले! आता पोट फुटेल."

घरात समुद्री माशांची टाकी होती, ती त्यांची नव्हे, माझ्या जावेची. मूलबाळ नव्हतं, दिवसभर घरात नवरा असून नसल्यासारखा, मग तिने बाहेरच्या खोलीत चार फुटी काचेची टाकी मांडली. मीठ मोजून पाणी कालवायची, नळीने काढायची, पुन्हा भरायची. मला हे सगळं रिकामटेकडेपणाचं वाटायचं आणि ते मी तिला तोंडावर सांगायचेही. ती म्हणायची, "मोठ्या जाऊबाई, तुम्ही माणसं पाळता, मी मासे. माझे उलट बोलत नाहीत."

नारिंगी-पांढऱ्या माशांची एक जोडी होती, अकरा वर्षांची. त्यांच्यात मादी थोरली आणि नर बोटभर. त्यांना ती "बाई आणि बाईंचे हे" म्हणायची. शिवाय एक लाल पाठीची कोळंबी होती. माशांच्या अंगावर चढून मेलेली कातडी, कीड वेचायची, म्हणून ती नर्सबाई.

दोन वर्षांपूर्वी जाऊ सकाळी बँकेत जाते म्हणून गेली आणि तिथल्या बाकावर नंबराची वाट बघत बसल्या बसल्या गेली. शेजारच्याला वाटलं, डुलकी लागली.

मी भाऊजींना म्हटलं, "टाकी देऊन टाका कुणाला तरी. तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"खातात अजून," एवढंच बोलले.

तिच्या वहीवरून ते पाणी कालवायला शिकले. काम कमी केलं. मासे जगले.

या उन्हाळ्यात मासेवाल्या दुकानदाराचा त्यांना फोन आला. जाऊ ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं त्याच्याकडे हेलपाटे घालायची तो मासा आला होता. बशीसारखा चपटा, अंगावर तांबूस पट्टे आणि तोंड चिमट्यासारखं लांब. खडकाच्या फटीत तोंड घालून खाणारी जात. दुकानदार इमानी होता. म्हणाला, "साहेब, चार दिवस झाले, काही खात नाही. या जातीचं असंच असतं. निम्मे उपाशीच जातात. बाईंचा तर नियम होता, दुकानात खाऊन दाखवल्याशिवाय मासा घ्यायचा नाही."

जन्मभर लोकांना समोर बसवून खायला लावणाऱ्या माणसाने तो न खाणारा मासा उचलून आणला.

मग सुरू झालं. गोठवलेली कोळंबी बारीक चिरून घातली. मासा जवळ आला, वळला, गेला. लसणाच्या रसात भिजवून घातली. बाई आणि बाईंचे हे यांनी फस्त केली. जिवंत किडे आणले. शिंपला उघडून ठेवला. माणसांना भितो की काय म्हणून काचेला वर्तमानपत्र लावलं आणि त्याला भोक पाडून भाऊजी स्टुलावर बसून बघत राहिले. मी आमटी पाठवलेलं भांडं परत न्यायला गेले तर स्वतःच्या घरात चोरासारखे वाकलेले.

"भाऊजी, पोलीस येतील."

"हळू बोला, वहिनी."

"माशाला काय मराठी कळतं?"

"वहिनी."

मग मीही भोकाला डोळा लावला. मासा एका खडकापाशी तोंड नेऊन थांबला होता. त्याच्या डोक्यामागे खळगा पडला होता, पोट आत गेलं होतं. मला उगीच वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

"किती दिवस काढेल असा?"

"आठ झाले. आठवडाभर आणखी." मग म्हणाले, "तिने आणला असता तर खाल्लं असतं त्याने."

"काहीतरी बोलू नका," मी म्हटलं. मी भांडं घेऊन घरी आले.

त्या संध्याकाळी ते मागच्या खोलीत शिरले आणि आपल्याला येत होतं ते त्यांनी केलं. कवळीची गुलाबी हिरडी ज्या मसाल्याची बनते, त्याचा मुठीएवढा दगड केला. त्याला बारीक भोकं, काही तिरकी, काही खोल, त्या लांब तोंडाच्या मापाने. नवी कवळी तोंडात घालण्याआधी मसाल्याचा उग्रपणा जावा म्हणून पाण्यात मुरवतात, तसा तीन दिवस मुरवला. मासा उपाशी असताना तीन दिवस थांबणं त्यांना किती जड गेलं असेल! पण घाई केली नाही. मग भोकाभोकात शिंपल्याचं मांस दाबून भरलं.

सकाळी दहाला माझी बेल वाजली. दारात भाऊजी, बाहीपर्यंत ओले, पायात चपला वेगवेगळ्या.

"वहिनी, खाल्लं."

"कोणी?"

"अहो कोणी काय! त्याने. एक भोक, मग दुसरं. टक, टक, टक! बाई आडवी आली तर तिला पाठीवरचे काटे दाखवले त्याने. काटे!"

हा माणूस सलग एवढं बोललेला मी पाहिलाच नव्हता. आमचे हे ऐकायला कमी येतं म्हणून कानाला हात लावून बसले होते, त्यांना सगळं दुसऱ्यांदा सांगितलं, मोठ्याने, हातवारे करून. आमचे हे म्हणाले, "मग आता त्याला बिस्किट दे." भाऊजी हसले. भाऊजींच्या स्वतःच्या दातांची वरची ओळही कवळीच, त्यांच्याच हातची होती, हे मला त्या दिवशी कळलं.

चहा झाला. पत्ते निघाले. बाराच्या सुमारास भाऊजी उठले.

"निघतो, वहिनी."

"बसा हो," मी म्हटलं. "घरी कोण वाट बघतंय तुमची?"

ते क्षणभर उभे राहिले. मग बसले. जेवले. आणखी चार डाव झाले. साडेपाचला गेले.

समुद्री टाकीत खायला घालताना प्रवाहाचे पंप बंद करतात. नाहीतर घास वाहून जातो, आणि बुजऱ्या माशाच्या वाट्याला काही येत नाही. घालून झालं की पंप लगेच चालू करायचे, कारण पाण्यात हवा मिसळते ती त्या खळबळीनेच. जाऊ पंप बंद असेतो खाण्याचा चमचा हातातून खाली ठेवायची नाही. हातात चमचा आहे म्हणजे काम उरलंय. भाऊजींनीही दोन वर्षं हेच पाळलं होतं. त्या सकाळी चमचा नव्हताच. दगड आत ठेवला आणि हात मोकळे झाले. मासा खाऊ लागला, आणि मोकळ्या हातांनी ते माझ्याकडे धावत आले.

सहाला फोन. "वहिनी, येता का?" दोन गल्ल्या मी पळत गेले, या वयात.

पंप त्यांनी आल्याबरोबर सुरू केले होते. त्यामुळे सगळे फिरत होते. बाई आडवी होऊन काचेवरून घसरत गेली, तिच्यामागे बाईंचे हे. नर्सबाई खडकात अडकली होती, तिच्या मिशा हलत होत्या, प्रवाहाने. मला वाटलं जिवंत आहे. मी तसं म्हटलंही. भाऊजींनी मान हलवली. उन्हाने पाणी कोमट झालं होतं.

नवा मासा त्यांच्या ओंजळीत होता. "वर आला होता," ते म्हणाले. "तोंड पाण्याबाहेर काढून कोपऱ्यात. हवेसाठी."

गुलाबी दगड तळाशी पडला होता. मी वाकून पाहिलं. भोकं रिकामी होती, एक न एक.

दुसऱ्या दिवशी दुकानदार आला. समजुतीने म्हणाला, "वीज गेली असेल, साहेब. हल्ली फार जाते."

"वीज होती," भाऊजी म्हणाले. "पंप मी बंद केले होते."

टाकी रिकामी करायला मी गेले. ते नळीने पाणी काढत होते, मी अर्ध्या अर्ध्या बादल्या मोरीत ओतत होते. माझा स्वभाव मनात ठेवण्याचा नाही. तिसऱ्या बादलीला मी म्हटलं, "तुम्ही बाराला निघाला होतात. मी बसवलं तुम्हाला."

ते नळी धरून बसले होते. "बाराला तरी काय, दोन तास होऊन गेले होते."

"दोन तासांत मेले नसते."

"नसते," ते म्हणाले. खोटं बोलायची त्यांनाही सवय नाही.

"तेव्हा आठवलं होतं का पंपाचं?"

"नाही. नुसतं घरी जावंसं वाटत होतं. परत एकदा बघावं, खातोय का. दोन वर्षांत पहिल्यांदा घरी जायची घाई झाली होती, वहिनी."

"मग गेला का नाहीत? मी काय पाय बांधले होते?"

नळीतलं पाणी बारीक झालं होतं. त्यांनी ती दुसऱ्या कोपऱ्यात सरकवली.

"तुम्ही विचारलंत, घरी कोण वाट बघतंय. मासा, असं कसं सांगणार? तुम्ही हसला असता."

मी हसलेच असते. बादली भरली होती, ती उचलून मी मोरीकडे गेले.