चंपाबाईंनी न पाहिलेलं नाटक

रामाजीभाऊ मंडल ऑफिसात, म्हणजे आमच्याकडच्या तहसील कचेरीत, अटेंडर होते. कामासाठी आलेला माणूस विचारायचा, "साहेब आले का?" रामाजीभाऊ वर पंख्याकडे बोट दाखवायचे. "थो फिराले लागला का समजाचं, आले." नोकरी संपली तरी त्यांची जीभ काही निवृत्त झाली नाही. शेवटच्या आजारात आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "त्रास कुठे होतो?" तर म्हणाले, "ऑफिसात व्हायचा साहेब. इथं बराय."

पण तामसीपासून नेरडीगोंड्यापर्यंत लोक त्यांना ओळखायचे ते नट म्हणून. जयंतीच्या कार्यक्रमात त्यांचं नवरा-बायकोचं नाटक ठरलेलंच असायचं. नवरा रामाजीभाऊ आणि बायको आमचा भाजीवाला भिवाजी. बारीक आवाजाचा भिवाजी लुगडं नेसून उभा राहिला की ओळखू यायचा नाही. नाटकातल्या बायकोला रामाजीभाऊंनी आपल्या खऱ्या बायकोचंच नाव दिलं होतं, चंपा.

खऱ्या चंपाबाईंनी मात्र ते नाटक एकदाही पाहिलं नव्हतं. "तू समोर बसली तं मले हासू येते, काम बिघडते," असं सांगून रामाजीभाऊ त्यांना घरीच ठेवायचे. दुसऱ्या दिवशी नळावर बायका त्यांना पाहून तोंडाला पदर लावायच्या. काय झालं म्हणून विचारलं, तर एकच उत्तर: "तुमच्याच मालकाले इचारा."

गेल्या महिन्यात रामाजीभाऊ गेले. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. त्यांचा मुलगा हर्षदीप शिक्षक आहे. आईसमोर तिच्या नावाचे विनोद कोणी सांगायचे नाहीत, असं त्याने निक्षून सांगितलं आणि आम्हा सगळ्यांना ते पटलंही. संचालन माझ्याकडे होतं. जन्मभर कापसाच्या अडतीवर हिशेब लिहिले, त्यामुळे वेळ आणि क्रम सांभाळायचं काम गाव माझ्यावर सोपवतं.

वंदना झाली, भाषणं सुरू झाली. रामाजीभाऊ कलेचे उपासक झाले, समाजाचे दीपस्तंभ झाले. एक वक्ते पोकळीवर आले आणि तिथून हलेनात. पुढे बसलेल्या चंपाबाईंनी मला हाताने बोलावलं.

"भाऊजी, हे कोणाचं सांगून राह्यले?"

"रामाजीभाऊंचंच, वहिनी."

"असा दीपस्तंभ माह्या घरी नव्हता राहत. भिवाजीभाऊ कुठं हायेत?"

भिवाजी मागे खांबाला टेकून बसला होता. रामाजीभाऊंना पोचवून आल्यापासून त्याने त्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. मी माइकवरून त्याचं नाव घेतलं, तो उठला नाही. मग चंपाबाईच उठून त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, मले नोका सांगू," तो खाली मान घालून म्हणाला. "तुमच्या नावानं लोकायले लय हासवलं मी. तोंड दाखवाची लाज वाटते."

"लाज आता वाटते? इतके वर्सं माही सवत होऊन मिरवले, तवा नाई वाटली?"

बायकांच्या बाजूला फिसकन हसू फुटलं. हर्षदीप उठला, "आई, काय हे!"

"तू बस." चंपाबाईंनी समोर ठेवलेल्या रामाजीभाऊंच्या फोटोकडे बोट केलं. "नळावर बाया मले पाहून काऊन हासत, थे मले मालूम कराचं हाय. यानं माह्यं काय केलं होतं थे दाखवा भिवाजीभाऊ. आता नाई पाह्यलं तं कवा पाहू?"

भिवाजीने खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर पदरासारखा घेतला. मान जराशी तिरकी झाली, एक हात कमरेवर गेला.

"बाजारातून मीठ आणलं का वो?"

मग दुपट्टा खाली घेऊन तोच रामाजीभाऊंच्या संथ आवाजात बोलला, "पाहून आलो ना. लय चांगलं होतं."

"अन् पैसे?"

"थे बी चांगलेच होते. दुकानदाराले आवडले."

"मंग मीठ काऊन नाई देल्लं त्यानं?"

"मागाचं इसरलो. थो एवढा खुश होता!"

विहार हसण्याने भरून गेला. भंतेजींनीही मान खाली घातली, पण त्यांचे खांदे हलत होते. नाटकातली चंपा दुकानदाराकडे गेली, पैसेही परत आणले आणि वर मीठही आणलं. शेवटी नवरा लोकांना हात जोडून म्हणतो, "घर तं हिच्याच हाती हाय. आता मंडल ऑफिस बी हिलेच देऊन टाका."

एवढा वेळ चंपाबाई हसल्या नव्हत्या.

"म्हंजे लोक हासत होते थे याले?" त्यांनी पुन्हा फोटोकडे बोट केलं.

"त्याहीलेच, वहिनी. नाटकात तुमी कधी हारल्याच नाई. त्याहीनं तसंच बसवलं होतं."

"मी तं समजत होती, मले हासतात."

त्या हळूहळू रामाजीभाऊंच्या फोटोपाशी गेल्या. मग पदराने डोळे पुसून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याला म्हणाल्या, "बायको शहानी हाय म्हणून साऱ्या मुलखाले सांगत फिरला, अन् घरी एकडाव बी म्हटलं नाई!"