लातूरच्या कॉलेजात माझी बैलदलाली

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. भूकंपात आमचं घर पडलं, शाळाही पडली. पुढं दोन्ही पत्र्याची उभी राहिली, मी मात्र शाळेत परत गेलो नाही. त्यामुळं शब्दही साधेच येतील. पण काय सांगू तुम्हाला, मी जो गाढवपणा केला त्याला भारी शब्द लागतच नाहीत.

निलंग्याच्या बाजारात मी मामाच्या हाताखाली बैलांची दलाली करतो. माझ्यासारख्या लाजाळू माणसाला हा धंदा बरा. रुमालाखाली बोटं दाबायची, भाव ठरतो, तोंड उघडावं लागत नाही. फक्त पहिल्या भावाला हो म्हणायचं नाही. उठायचं, कपडे झटकायचे, चालू लागायचं. मागून हाक येतेच.

माझी धाकटी बहीण सुरेखा दहावीला तालुक्यात पहिली आली. इतर मुलींना स्थळं येतात, हिला कॉलेजं आली. नांदेडवाले जीप घेऊन आले, हार घातला, फोटो काढला. म्हणाले, फी माफ, होस्टेलही फुकट. लातूरवाल्यांनी नुसती फी माफ केली. आणि सुरेखाला तर लातूरच पाहिजे होतं. होस्टेलचा खर्च आम्हाला झेपणार नव्हता. आई म्हणाली, "तू बाजारातला माणूस. तूच बोल."

बोल म्हणे. मी!

आधी नांदेड गाठलं आणि अंग चोरून सांगितलं की लातूरवाले सायकलही देतात. साफ खोटं. नांदेडवाल्यांनी लगेच सायकल दिली, वर बसस्टँडवर सुरेखाचा फोटो लावायचं कबूल केलं, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला लागतो तेवढा. मला चढलीच की हो. खोंडाच्या सौद्यातसुद्धा असं कधी जमलं नव्हतं.

मग सुरेखाला घेऊन लातूर. सवलतीच्या जागांचा तो शेवटचा दिवस. प्रवेश देणाऱ्या सरांना मी नांदेडचं सगळं ऐकवलं. सर म्हणाले, "होस्टेलचं बघू की. बसा."

"बघू" आलं म्हणजे सौदा पिकला. मी उठलो, पॅन्ट झटकली, बाहेर निघालो. सुरेखा मागं.

हाक आली नाही.

गेटसमोर चहाची गाडी होती, तिथल्या बाकड्यावर बसलो. चहा झाला, परत चहा झाला. आमच्या मागचे बाप पोरांना घेऊन आत जात होते आणि पेढा चघळत बाहेर येत होते.

"दादा, आपण इथं काय करून राहिलो?" सुरेखानं विचारलं.

"हाक येणार हाय."

"कुणाची?"

"सरांची. गप बस."

"आपण इथं बसलोय ते त्यांना दिसत बी न्हाई, दादा."

मी बाकडं सरकवून खिडकीच्या समोर घेतलं. आणखी काय करणार? आपणहून परत जायचं तर तोंड कुठं होतं? जागा मात्र संपत चालल्या होत्या. तरी मी बसूनच. सुरेखा पाणी पिऊन येते म्हणून गेली ती आलीच नाही.

अखेर शिपाई आला. "निलंग्याचे कोण? सर बोलवून राहिले."

माझी छाती ही एवढी फुगली. चहावाल्याकडं एक नजर टाकली आणि आत गेलो.

आत सुरेखा खुर्चीवर बसून पेढा खात होती. फॉर्म भरून तयार. होस्टेल तिनं सरळ मागितलं होतं, सरांनी सरळ दिलं होतं.

"पालकाची सही पाहिजे," सर म्हणाले. "तुमची बहीण म्हणाली, दादा बाहेर बसलाय, हाक मारल्याशिवाय यायचा न्हाई. म्हणून मारली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पेटी होस्टेलला पोचवली. फाटकात तेच सर भेटले. नांदेडकडं चाललेली हुशार पोरं इकडं वळवायला त्यांना एक माणूस हवा होता, आणि माझं काम त्यांना आवडलं होतं म्हणे. "येता का?"

मी मान खाली घातली, विचार करून सांगतो म्हणालो आणि चालू लागलो.

वरच्या खिडकीतून सुरेखा ओरडली, "दादा, हाव म्हण!"

होस्टेलच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. मी हो म्हणालो.